ताटातली मोकळी जागा

घरात नवं धान्य येतं तेव्हा ते कुणाच्या तरी जागेवर येतं. पोटाची भूक ठरलेली असते, ताटाचा घेरही ठरलेला असतो. म्हणून किनोवा चांगला की वाईट, या प्रश्नापाशी मी फार वेळ थांबत नाही. तो आपल्या ताटात बसला तर कोण उठणार, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. गेल्या काही वर्षांत आमच्या दिंडोरीच्या घरात किनोव्याचे बरेच प्रयोग झाले. त्यातले काही टिकले, काही सुटले. त्या सगळ्यातून या धान्याबद्दल जेवढं कळलं, त्याहून जास्त आमच्या ताटाबद्दल कळलं. तेच इथे मांडायचं आहे.

दिंडोरी तालुक्याची धान्यं पावसाने वाटून दिलेली आहेत. पश्चिमेला ननाशीच्या बाजूला सह्याद्रीच्या रांगा, भरपूर पाऊस आणि उताराची वरकस जमीन. तिथे भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी. पूर्वेकडे उतरत जावं तसा पाऊस कमी होतो, पण कादवेचं खोरं आणि करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड या धरणांचं पाणी लागतं. तिथे द्राक्षं, टोमॅटो, कांदा, गहू. दिंडोरी गाव या दोन्हींच्या मधोमध आहे. त्यामुळे आमच्या फडताळात दोन्हीकडचे डबे असायचे: रोजच्या पोळीचा गहू, थंडीतली बाजरी, डोंगराकडच्या बायकांकडून घेतलेली नागली, उपवासाची भगर. आणि दोन्ही वेळच्या जेवणाच्या शेवटी भात, तो तर न विचारता वाढला जायचा.

किनोवा आमच्याकडे आला तो आजारपणाच्या वाटेने. बहुतेक घरांत तो याच वाटेने येत असावा. सासरे, म्हणजे आमचे नाना, यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं. नाशिकहून नणंद आली ती पिशवी घेऊनच: "नानांना भाताऐवजी हे द्या." भाताऐवजी या एका शब्दात त्या धान्याला आमच्या घरातली सर्वांत अवघड जागा मिळाली. ज्या माणसाने आयुष्यभर शेवटचा घास ताकभाताचा घेतला, त्याच्या ताटात भाताच्या जागी बसायचं होतं.

शिजवायला किनोवा सोपा आहे. एक वाटी दाणे, सुमारे दोन वाट्या पाणी, मंद आच, पंधरा ते वीस मिनिटं आणि मग झाकणाखाली थोडा वेळ विसावा. मात्र त्याआधीचं धुणं चुकवता येत नाही. किनोव्याच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्याचं आवरण असतं. पाखरांनी पीक खाऊ नये यासाठी झाडाने केलेली ही तजवीज. रिठ्याला फेस येतो तोही अशाच द्रव्यांमुळे. त्यामुळे किनोवा पाण्यात चोळला की फेस धरतो आणि तो फेस संपेपर्यंत पाणी बदलावं लागतं. पिशवीतला माल यंत्राने घासून, धुऊन आलेला असतो, तरी घरी दोन-तीन पाण्यांनी धुतलेला बरा. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातल्या बायका हेच काम दगडी उखळात दाणे पायांनी तुडवून, वारून आणि पुन्हा पुन्हा धुऊन करत आल्या. ते वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं वरईचं कांडण आठवलं. वरईचा दाणा बारीक आणि त्याची साल चिवट. उखळात ती काढताना हात भरून येत. शुभ्र स्वच्छ भगर आपल्यापर्यंत सहज पोचू लागली ती गिरण्यांमुळे, आणि नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचं नावाजलेलं ठिकाण आहे. गरिबांची म्हणवली जाणारी धान्यं जगभर मागे पडली, त्याला चवीइतकेच हे कष्ट कारण आहेत. ते बहुतेक बायकांच्या वाट्याचे होते, म्हणून त्यांचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

शिजलेला किनोवा बघायला सुंदर दिसतो. दाणा पारदर्शक होतो आणि त्याच्याभोवतीचं पांढरं वेटोळं सुटून शेपटीसारखं दिसू लागतं. ते वेटोळं म्हणजे त्याचा अंकुर. तांदूळ सडताना कोंडा आणि अंकुर दोन्ही निघून जातात, उरतो तो बहुतेक स्टार्च. किनोव्यात अंकुर दाण्याला कवेत घेऊन असतो, त्यामुळे तो आपल्यापर्यंत येतो. त्याच्यातल्या प्रथिनांचं आणि स्निग्धांशाचं बरंचसं कारण हेच आहे.

पण नानांच्या ताटात आमटीबरोबर वाढलेला किनोवा काही जमला नाही, आणि त्याचं कारण चव नव्हतं. आपण हाताने जेवतो. भातावर आमटी घेतली की बोटं आपोआप कालवू लागतात, भात आमटी धरतो, घास होतो. भातातला स्टार्च शिजताना थोडा बाहेर येतो आणि दाण्याला दाणा लागतो. किनोवा आपापल्या सालीत राहतो. आमटी खाली उतरते, दाणे वर मोकळे राहतात आणि बोटांत घास होत नाही. नानांनी दोन-तीन दिवस मुकाट्याने खाल्लं. मग एका रात्री एवढंच म्हणाले, "पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही."

या वाक्याने मला पुढचा रस्ता दाखवला. जेवल्याचं समाधान जिभेइतकंच बोटांतही असतं, हे मी आधी इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं. काट्याचमच्याने खाणाऱ्या माणसाला सुटा दाणा हा गुण वाटतो. आपल्याला तो परका वाटतो, कारण आपली आमटी, आपलं वरण, आपलं ताक हे सगळं कालवण्यासाठी घडलेलं आहे. तेव्हा किनोव्याला भातासारखं वागवण्यात अर्थ नव्हता. त्याला धरून ठेवणारं कुणीतरी बरोबर द्यायला हवं होतं. आपल्या स्वयंपाकघरात ते काम डाळ करते.

मुगाची डाळ आणि किनोवा निम्मे-निम्मे घेऊन केलेली खिचडी आमच्या घरात रुळली, ती आजही होते. डाळ विरघळते, दाण्याभोवती बसते आणि घास होतो. फोडणी मात्र नेहमीपेक्षा ठसठशीत लागते. भात मसाला पिऊन घेतो, किनोव्याच्या दाण्यात तो तेवढा शिरत नाही. म्हणून लसूण, जिरं, हिंग, कांदा, टोमॅटो, थोडा काळा मसाला आणि उतरवण्याआधी शेंगदाण्याचं कूट. कूट आणि काळा मसाला यांनी त्याचा मातकट वास छान झाकला जातो, म्हणजे वास नाहीसा होत नाही, त्याला सोबत मिळते. बरोबर कढी असली की नाना ताकभाताची आठवण काढत नाहीत.

उपमा सहज जमला. दाणे धुऊन, निथळून, कोरडे भाजून घ्यायचे, मग कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, मटार आणि वरून लिंबू. मुलांच्या डब्यात तो जातो आणि डबा रिकामा परत येतो. उन्हाळ्यात दही घालून, मोहरी-मिरचीची फोडणी देऊन ठेवलेला किनोवा दहीभाताची जागा चांगली सांभाळतो, कारण दह्यामुळे त्याचा सुटेपणा आपोआप जातो. गोडात मात्र तो आमच्याकडे रुजला नाही. गुळाच्या खिरीत दाण्याचा उरलासुरला कडवटपणा वर येतो आणि वेलदोडाही तो लपवू शकत नाही.

पीठ करून पाहण्याची कल्पना सासूबाईंची. त्यांना धान्य कळतं ते पिठातून. त्यांनी दाणे धुऊन सावलीत खडखडीत वाळवले आणि मी ते गिरणीत नेले. गिरणीवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो अगदी मुद्द्याचा होता: "हे कशावर दळायचं?" गव्हावर दळलं तर ज्यांना गहू चालत नाही त्यांना त्याचा उपयोग नाही, बाजरीवर दळलं तर बाजरीचा वास लागणार, आणि उपवासाला लागणार असेल तर राजगिऱ्यानंतर, वेगळं. एका नव्या धान्याने गावच्या गिरणीचा सगळा क्रमच विचारात घ्यायला लावला. त्या पिठाची नुसती भाकरी थापता येत नाही, कडा फाटतात. ज्वारीतही चिकटपणा नसतो, पण गरम पाण्यात ते पीठ मऊ होऊन हाताखाली ऐकतं. किनोव्याचं पीठ तेवढं ऐकत नाही. भाजणीत मूठ-दोन मुठी घातलं, कांदा-कोथिंबीर घातली, तर थालीपीठ खमंग आणि कडेने कुरकुरीत होतं. सासूबाईंनी त्यावर आपला निर्णय दिला: "एकट्याचं काही खरं नाही याचं. चारचौघांत शोभतो."

सासूबाईंमुळेच उपवासाचा प्रश्नही निघाला. आमच्या गावात स्वामी समर्थांचं मोठं केंद्र आहे, वणीमार्गे सप्तशृंगगडावर जाणारी वाट तालुक्यातूनच आहे, नवरात्रात आणि चैत्रात पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. घरोघरी उपवास असतात. त्यामुळे एखादी वस्तू उपवासाला चालते की नाही, हा इथे किराणा दुकानातलासुद्धा प्रश्न असतो. सासूबाईंनी मला विचारलं, "हे कुणाच्या कुळातलं?" त्यांना गोत्र विचारायचं होतं आणि वनस्पतिशास्त्रात त्याचं उत्तर आहे. किनोवा गवताच्या जातीचा नाही, म्हणजे गहू-तांदूळ-ज्वारीच्या घरातला नाही. तो राजगिऱ्याच्या कुळातला आहे, आणि त्याहून जवळचं नातं सांगायचं तर आपल्या चाकवताचा तो सख्खा भाऊ, दोघांची वनस्पतिशास्त्रीय प्रजाती एकच. मुलीने चिमूटभर दाणे कुंडीत टाकले होते, ते भराभर उगवले. कोवळ्या पानांवरची ती पांढुरकी भुकटी आणि पानांचा आकार बघून सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, हा तर चाकवतच." ताकातली चाकवताची पातळ भाजी त्यांच्या हातची खास. किनोव्याची कोवळी पानंही भाजीसारखी खाता येतात. ज्या झाडाचा आपण पाला घेतला, त्याच्याच भावाचा दूरच्या लोकांनी दाणा घेतला. हिमालयाच्या काही भागांत तर याच प्रजातीचा दाणाही पिढ्यान् पिढ्या खाल्ला जातो.

राजगिऱ्याचा नातलग म्हटल्यावर सासूबाईंनी तो उपवासाला मान्य केला. कुणाच्या घरी करणार नाहीत, त्याला माझी हरकत नाही, ज्याच्या त्याच्या देवघराचा तो प्रश्न आहे. पण त्या निमित्ताने मी उपवासाचं ताट नीट पाहिलं. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. मिरची अमेरिका खंडातून आलेली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला, आज तो तमिळनाडूत सेलमच्या आसपास पिकतो आणि तिथून आपल्याकडे येतो. राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला मानला जातो. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटात समुद्रापलीकडून आलेल्या गोष्टीच जास्त आहेत, आणि जी एकटी भगर आपल्या मातीतली आहे ती खरं तर गवताच्या जातीचं धान्यच आहे. बटाट्याचं आणि किनोव्याचं तर गावही एक. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर टिटिकाका नावाचं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३८०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, यावरून त्या उंचीची कल्पना यावी. त्या पठारावर, कडाक्याच्या थंडीत आणि खारवट जमिनीत हजारो वर्षांपूर्वी माणसांनी बटाटाही माणसाळवला आणि किनोवाही. आपल्या तालुक्याची बरीचशी खरीप उलाढाल ज्याच्यावर चालते त्या टोमॅटोचे रानटी पूर्वजही अँडीजच्याच बाजूचे.

तेव्हा परदेशी म्हणून किनोव्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्या ताटाला नाही. बाहेरून आलेलं धान्य आपलं होतं ते फोडणीत पडल्यावर, हातांनी त्याची रीत शोधून काढल्यावर. बटाट्याला ते साधलं, मिरचीला साधलं. किनोव्यालाही साधेल. राजस्थानात आणि आंध्रात तो शेतात पिकवूनही झाला आहे.

खरा प्रश्न पुढे आहे. पिशवीवर त्याचे गुण ठळक छापलेले असतात आणि ते खोटे नाहीत. शंभर ग्रॅम कच्च्या किनोव्यात सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं आणि ७ ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या तांदळात प्रथिनं त्याच्या निम्म्याच्या आसपास, तंतू निम्म्याहून कमी. लायसिन हे अमिनो आम्ल तांदूळ-गव्हात कमी पडतं, ते किनोव्यात चांगलं असतं. पण हेच लायसिन आपल्या डाळीतही भरपूर आहे, म्हणून तर वरणभात हा जोडीने विचार केलेला आहार आहे. राजगिऱ्यातही प्रथिनं किनोव्याइतकीच, तीही त्याच प्रतीची. आणि नागली? तिच्यात प्रथिनं ७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किनोव्याच्या निम्मी. पण कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम, किनोव्यात ते ५० च्या आसपास. तंतूही नागलीत जास्त. ही आकडेवारी मी सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. बाळंतिणीला आणि दात येणाऱ्या बाळाला नागलीची पेज द्यायची, हे त्यांना कुणी आकड्यांतून सांगितलेलं नव्हतं.

मग नागली आपल्या घरातून का कमी झाली? आमच्याकडे ती आठवड्यातून चारदा व्हायची, मग दोनदा, मग पाहुण्यांच्या हौसेपुरती. याचं कारण चवीत नाही. सांडग्या-पापडांच्या दिवसांत नागलीचा पापड आजही सगळ्यांना हवा असतो. कारण रंगात आहे, आणि रंगाला चिकटलेल्या मानात आहे. काळसर तांबूस भाकर ही डोंगरातल्या, आदिवासी पाड्यावरच्या, गरीब माणसाची, आणि पांढरा भात, पांढरी पोळी ही सुधारलेल्या घराची. ज्या कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांनी हे पीक जपलं, जी कणसरी या धान्यदेवतेची पूजा करतात, त्यांच्या मुलांनाही शाळेच्या डब्यात नागलीची भाकर उघडायला संकोच वाटू लागला. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागल्यावर उतारावर नागली लावण्याचे कष्टही नकोसे झाले. राब भाजा, रोपं टाका, भर पावसात वाकून आवणी करा, आणि बाजारात भाव विचारणारा कुणी नाही.

किनोव्याची गोष्ट वाचताना मी थबकले ती इथे. बोलिव्हिया आणि पेरूच्या शहरांतही कित्येक वर्षं किनोवा हे डोंगरातल्या मूळनिवासी लोकांचं, गरिबांचं अन्न म्हणूनच गणलं गेलं. प्रतिष्ठेचं अन्न गव्हाचा पाव आणि शेवया. त्याचं नशीब फिरलं ते अमेरिका-युरोपातल्या लोकांना तो आवडू लागल्यावर. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे आंतरराष्ट्रीय किनोवा वर्ष म्हणून पाळलं, बोलिव्हियाच्या पुढाकाराने. त्या सुमारास त्याचे भाव अनेक पटींनी चढले. डोंगरातल्या पुष्कळ कुटुंबांच्या हाती प्रथमच चांगला पैसा आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर पठारावर लामा नावाच्या जनावरांची कुरणं नांगरली गेली, जमिनीला मिळणारी विश्रांतीची वर्षं कमी झाली, आणि बाजाराला हवे असलेले मोजके पांढरे वाण सोडून बाकीचे रंगीत वाण मागे पडू लागले. मग पेरूच्या किनारपट्टीवर ओलिताखाली किनोवा पिकू लागला, इतर देशही उतरले आणि २०१४ नंतर भाव कोसळले. दूरच्या ताटाने उचलून धरलेलं पीक दूरच्या ताटाने सोडूनही दिलं.

दिंडोरीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली द्राक्षं युरोपच्या ताटासाठी पिकतात. घडात किती मणी, मण्याचा घेर किती मिलिमीटर, साखर किती आणि औषधाचा अंश किती, हे सारं तिकडे ठरतं आणि इकडे पाळलं जातं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश सापडल्यावरून युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, त्या हंगामाच्या आठवणीने आजही बागायतदार गंभीर होतात. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, शेतकरी संघटित झाले, याच तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांच्या मालकीची सह्याद्री फार्म्ससारखी कंपनी उभी राहिली. दूरच्या ताटाशी व्यवहार करायला आपण शिकलो. त्या व्यवहाराने इथे घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण आपलं रोजचं धान्य दूरच्या ताटाच्या मर्जीवर सोपवायचं नसतं, हेही त्याच अनुभवाने शिकवलं. टिटिकाकाकाठचा शेतकरी आणि कादवेकाठचा बागायतदार यांची कधी भेट होणार नाही, पण भावाची धास्ती दोघांची एकच आहे.

२०२३ साली भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. नागलीची बिस्किटं आली, लाडू आले, बचत गटांच्या बायकांना प्रदर्शनांत जागा मिळाली. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रात नागली, वरई, खुरासणीवर काम होतंच आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वरईला 'फुले एकादशी' नावाचा वाण दिला आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण वर्ष पाळून झालं की ते संपतं, आणि नागलीला वर्षभर खाणारं घर हवं असतं. किनोव्याला बाहेरच्या जगाने मान दिला तेव्हा त्याच्याच देशातल्या शहरांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. नागलीने अशा एखाद्या परदेशी मागणीची वाट बघत बसावं, असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्या घरात किनोव्याने एक काम फार चांगलं केलं. त्याच्यासाठी आम्ही जी काळजी घेतली, ती बाकीच्या धान्यांकडे वळली. पाण्याचं प्रमाण मोजणं, आधी भाजून बघणं, कशाबरोबर घास होतो हे तपासणं, मुलांना कुठल्या रूपात आवडतं ते शोधणं, ही सगळी मेहनत आम्ही पिशवीतल्या महागड्या दाण्यासाठी केली होती. तीच भगरीसाठी केली तेव्हा उपवासाबाहेरच्या दिवशीही भगरीची मुगाची खिचडी होऊ लागली, आणि खरं सांगायचं तर नानांना ती किनोव्याच्या खिचडीहून जास्त आवडते, कारण भगर मऊ शिजते आणि आमटी धरते. नागलीचं पीठ ताकात भिजवून केलेली धिरडी मुलांनी मागून घेतली. साखर वाढते की आटोक्यात राहते हे धान्याच्या नावावर ठरत नाही, किती खातो आणि त्याबरोबर डाळ-भाजी किती असते यावरही ठरतं, हे डॉक्टरांनी नानांना नंतर शांतपणे समजावलं. तेव्हापासून नानांच्या ताटात भात अगदी थोडा असतो, पण असतो. ताकभाताचा शेवटचा घास त्यांना परत मिळाला.

आता फडताळात किनोव्याचा एक लहान डबा आहे. तो ज्या जागा घेतो त्या मी ठरवून दिल्या आहेत. रात्रीच्या भाताची दुसरी वाढ, डब्यातले मैद्याचे पदार्थ, आणि एकादशीचा साबुदाणा, ज्यात स्टार्चखेरीज जवळजवळ काही नसतं. आमच्या ताटात खऱ्या अर्थाने मोकळ्या जागा या होत्या. तिथे किनोवा आला तर ताट भरतं. नागलीच्या, ज्वारीच्या, भगरीच्या जागी तो आला तर ताट फक्त महाग होतं, आणि पश्चिमेकडच्या एखाद्या उतारावरचं एक शेत पडीक राहण्याच्या दिशेने एक पाऊल सरकतं.

आमच्याकडे ननाशीकडून एक मावशी धान्य घेऊन येतात. गेल्या हंगामात मी त्यांच्याकडून वर्षाची नागली एकदमच घेतली, त्यांनी सांगितलेल्या भावाने, घासाघीस न करता. नागली हे फार टिकाऊ धान्य आहे, नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं कीड लागत नाही, त्यामुळे साठवणाची काळजी नव्हती. तरीही तो सगळा साठा किनोव्याच्या चार-पाच पिशव्यांपेक्षा स्वस्त पडला. मावशींनी पैसे मोजून घेतले आणि विचारलं, "पुढच्या सालीबी एवढीच लावू का?" मी हो म्हटलं. एका घराचा होकार फार मोठा नसतो. पण पीक ठरतं ते अशाच होकारांवर, पेरणीच्या आधी मिळालेल्या. दिंडोरी, वणी, नाशिकच्या शे-दोनशे घरांनी असा होकार दिला, लग्नाच्या पंगतीत एक भाकर नागलीची ठेवली, मुलांच्या डब्यात ती अभिमानाने दिली, तर उतारावरची ती शेतं कुठल्याही आंतरराष्ट्रीय वर्षावाचून उभी राहतील. त्यांच्या शेजारी किनोव्याचा लहान डबा खुशाल असू दे.